गावात बसून पोलिश शिकायची असन तर इंग्रजीतून नाही, मराठीतून शिका

आजकाल आपल्या इकडे पोलंडची हवा सुटली आहे. पानठेल्यावर बसा नाहीतर लग्नाच्या पंगतीत, एखादा तरी पोट्टा भेटतेच ज्याचं पोलंडचं चालू आहे, कोणी गोडाऊनमध्ये पॅकिंगला चालला, कोणी वेल्डिंगला, कोणाची पोरगी मेडिकलला गेली. आणि एजंट सगळ्यांना एकच गोष्ट सांगते की भाऊ, इंग्रजी चालते तिकडे, टेन्शन नको घेऊ. चालते ना, एअरपोर्टवर चालते, वॉर्सातल्या मोठ्या ऑफिसात चालते. पण शहराच्या बाहेर जे गोडाऊन असते, जिथे आपली पोरं खरंच काम करतात, तिथला सुपरवायझर पोलिश बोलते, बाजूचा युक्रेनचा माणूस ऐकून ऐकून शिकलेली पोलिश बोलते, आणि भिंतीवरची सुरक्षेची पाटी पण पोलिशमध्येच असते. मी तिकडे काम करून आलो आणि आता गावातल्या पोरांना थोडं थोडं शिकवतो, तर ते इथे सगळं एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे इंग्रजीच्या आधाराने पोलिश शिकू नका. सगळे ॲप, सगळे व्हिडिओ इंग्रजीतून आहेत म्हणून आपल्याला वाटते की आधी इंग्रजी पक्की करू, मंग पोलिश. उलटं आहे राजा. पोलिशमध्ये जे जे इंग्रजीवाल्याला अवघड जाते, विभक्त्या, तीन लिंगं, बाईचं क्रियापद वेगळं माणसाचं वेगळं, ते सगळं आपण आईच्या मांडीवर शिकलो. झेडपीच्या शाळेतलं ते स-ला-ते आठवते का, तेच आता कामाला येणार आहे.

उच्चार, म्हणजे खरा पहिला महिना

पोलिशची लिपी आपल्याला ओळखीची एबीसीडीच आहे, फक्त काही अक्षरांना शेपट्या, टिंबं आणि रेघा आहेत. गोची इथेच होते, कारण डोळ्याला इंग्रजी दिसते आणि तोंड इंग्रजी वाचते. पहिल्याच दिवशी हे घोकून टाका: जे म्हणजे य. डब्ल्यू म्हणजे व. एकटा सी म्हणजे चाकातला च. सी-झेड जोडून आले की जाड च, एस-झेड आले की ष, आर-झेड आले की झ सारखा घासून निघणारा आवाज. ज्या एलवर तिरपी रेघ मारली आहे तो एल नाहीच, तो ओठ गोल करून काढायचा व. ओ वर रेघ असली की सरळ उ. म्हणून नकाशावर जे शहर लोड्झ दिसते त्याला तिथले लोक वूच म्हणतात, आणि तुम्ही बस ड्रायव्हरला लोड्झ लोड्झ म्हणत बसलात तर तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहते. क्राकोवचं क्राकुफ, वॉर्साचं वार्षावा, व्रोक्लाव जे दिसते त्याचं व्रोत्सवाफ.

आता आपला फायदा पाहा. आपल्याकडे च दोन आहेत, लिहितो एकच पण बोलतो दोन. चिंच म्हणून पाहा मोठ्याने, पहिला च वेगळा, दुसरा वेगळा. ज चं पण तसंच, जीव मधला वेगळा आणि जाळ मधला वेगळा. इंग्रजीवाले हाच फरक ऐकायला महिनोन्महिने घालवतात, आपल्या कानाला तो आधीच कळते. पोलिशमध्ये च तीन आहेत, दोन आपलेच, आणि तिसरा जीभ थोडी मागे वळवून काढायचा जाड च. श चे पण दोन, एक शहाळ्यातला पातळ, एक षटकोनातला जाड, जो आपण शाळेत गुरुजींच्या धाकाने म्हणायचो आणि मंग सोडून दिला. तो परत काढा बाहेर.

त आणि द दातालाच लावायचे, ट आणि ड पोलिशमध्ये नाहीतच. इंग्रजी शिकलेली पोरं तिथे टाक-टाक करतात, ताक म्हणायचं असते. (ताक म्हणजे हो. आणि नाही म्हणायला न्ये. आणि नुसतं नो म्हटलं तर बोलण्यात त्याचा अर्थ हो ना, बरोबर ना असा होते, म्हणून फोनवर कोणी नो-नो-नो म्हटलं तर तो नाही म्हणत नाही, तुमचं ऐकून मान डोलावत आहे असं समजा. हे कळेपर्यंत लय गमती होतात.) ख-घ-ठ-ढ-भ सारखी जोर देऊन हवा सोडणारी अक्षरं पण नाहीत. आपलं साधं क, त, प जसं आहे तसंच ठेवायचं.

शेपटीवाल्या ए आणि ई चं पुस्तकात लिहिलेलं असते की नाकातून म्हणा, आणि पोरं नाक दाबून बसतात. गरज नाही. आपला अनुस्वार कसा चालते? अंबाडीत म होते, चिंचेत न होते, पंख्यात कंठातला ङ होते, पुढचं अक्षर पाहून बदलते. पोलिशची शेपटी बहुतेक वेळा तशीच चालते. दात झोंप, तिथे म आला, हात रेंका, तिथे ङ आला. स, श, झ च्या आधी मात्र खरंच नाकातून निघते, आणि शब्दाच्या शेवटी ई ची शेपटी बोलताना जवळपास गळूनच जाते.

दोन व मात्र सांभाळा, तिथे मराठी आपल्याला दगा देते, कारण आपला व मधलाच कुठेतरी असते. खालचा ओठ वरच्या दाताला लावून वाता म्हटलं तर कापसाचा बोळा, ओठ गोल करून वाता म्हटलं तर कपड्याचं ठिगळ. आरशासमोर उभं राहून करा, घरचे हसतील, हसू द्या.

जोर जवळपास नेहमी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर. उ-वा-गा, जोर वा वर. उवागा म्हणजे सावधान, आणि हा शब्द फोर्कलिफ्टच्या मागून ओरडला जाते, तर निदान हा एक ऐकताबरोबर बाजूला होता आलं पाहिजे. आणि शब्दाच्या शेवटी ब चा प होते, ग चा क होते, व चा फ होते: पाव म्हणजे ब्रेड, लिहिताना ख्लेब, म्हणताना ख्लेप (इथला ख म्हणजे आपला ख नाही, घशात घासून निघणारा ह).

विभक्ती

इथे लोक पळून जातात. सात विभक्त्या आहेत म्हणे, नावं बदलतात म्हणे, गावाचं नाव पण बदलते. बदलू द्या ना, आपल्या गावाचं बदलत नाही का? नागपूर, नागपुरात, नागपुरातून, नागपूरकडे. तसंच क्राकुफ, फ क्राकोव्ये म्हणजे क्राकुफात, दो क्राकोवा म्हणजे क्राकुफला. फरक इतकाच की आपण प्रत्यय मागे जोडतो, ते शब्दाचं शेपूट बदलून पुढे एखादा छोटा शब्द पण ठेवतात.

भाऊ घ्या, त्यांचा ब्रात. भाऊ ब्रात, भावाचा ब्राता, भावाला द्यायचं तर ब्रातु, भावाला पाहिलं तर परत ब्राता, भावासोबत झ ब्रातेम, भावाबद्दल ओ ब्राचे, आणि हाक मारायची तर ब्राचे. आता नीट पाहा, भाऊचं भावा होते तसं ब्रातचं ब्राच झालं. हेच आपलं सामान्यरूप. इंग्रजीत शिकवणारा मास्तर इथे अर्धा तास घालवते की मूळ शब्द का बदलला म्हणून, आपण घोडा-घोड्याला, विहीर-विहिरीत म्हणणारे लोक, आपल्याला काऊन आश्चर्य वाटावं?

तृतीया तर अगदी आपलीच. बसने जातो, यादे आउतोबुसेम. ने आणि एम, बस्स. फक्त एक ध्यानात ठेवा, मी ड्रायव्हर आहे असं म्हणताना पण ते तृतीया लावतात, तिथे आपलं डोकं चालत नाही, पाठच करावं लागते. आणि दुसरं, नाही म्हटलं की वस्तूची द्वितीया जाऊन षष्ठी येते: कॉफी आहे माझ्याकडे, माम कावे, कॉफी नाही, न्ये माम कावी.

माझी पद्धत अशी आहे की एका वेळी एकच विभक्ती आणि तीही एकाच जागी वापरायची. पहिल्या महिन्यात फक्त मागायची: पोप्रोशे हेर्बाते, चहा द्या, पोप्रोशे वोदे, पाणी द्या, पोप्रोशे कावे. आ ने संपणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दाचं शेवटचं आ काढून ए लावायचं. पुढचा महिना कुठे आहे त्याचा, म्हणजे सप्तमी. तक्ता भिंतीवर चिकटवून पाठ करणारे माझ्या पाहण्यात लय आले, तक्ता त्यांना धाडधाड म्हणता येते पण दुकानात तोंड उघडत नाही.

लिंगाचं तर शिकवावंच लागत नाही. मी होतो, बिवेम. मी होते, बिवाम. पुरुष म्हणेल झ्रोबिवेम, बाई म्हणेल झ्रोबिवाम, मी केलं. घरात बायको पण शिकत असन तर तिने पोराचे व्हिडिओ ऐकून पोरासारखं बोलू नये, एवढंच. आणि करत होतो आणि करून टाकलं, हा जो फरक आपण रोज करतो तोच त्यांच्या क्रियापदात आहे. रोबिवेम म्हणजे करत होतो, झालं की नाही माहीत नाही, झ्रोबिवेम म्हणजे करून टाकलं. सुपरवायझरने झ्रोब्योने? विचारलं की त्याला दुसरं ऐकायचं असते.

आकडे आणि वेळ

द्वा, च्तेरी, जेशेंच, दोन, चार, दहा, ऐकूनच ओळखीचे वाटतात, लांबचं नातं आहे त्यांचं आपल्या भाषांशी. वीसच्या पुढे तर आपल्यापेक्षा सोपं, वीस-एक, वीस-दोन असंच चालते, एकोणपन्नास-एकोणसाठची भानगड नाही. दीडला वेगळा शब्द पण आहे, पूवतोरा.

पण मोजायची वस्तू आली की नखरे सुरू. एक तास येद्ना गोजिना, दोन ते चार तास गोजिनी, पाच झाले की गोजिन. पैशाचं पण तसंच, एक झ्वोती, दोन झ्वोते, पाच झ्वोतिख. एका झ्वोतीचे १०० ग्रोश. पगाराच्या चिठ्ठीवर हेच शब्द असतात म्हणून हे आधी.

वेळ सांगताना साडेसात ला ते आठला अर्धा असं म्हणतात, फ्पूव दो उस्मेय. उस्मेय म्हणजे आठ ऐकू येते आणि पोरगा आठला पोचते, शिफ्ट साडेसातला सुरू झालेली असते. दुपारचे दोन म्हणजे चौदा, रेल्वेच्या वेळेसारखं.

कामावरचे शब्द

झ्म्याना शिफ्ट, नोत्सका रातपाळी, प्शेर्वा सुट्टी म्हणजे चहापाण्याची, उर्लोप रजा, विप्वाता पगार, नादगोजिनी ओव्हरटाइम, मागाझिन गोडाऊन, उमोवा करार, क्येरोव्निक मॅनेजर. बेहापे ऐकू आलं की ते सुरक्षेच्या नियमांचं चालू आहे, कान द्या. आजारी पडून डॉक्टरकडून सुट्टी मिळाली तर सगळे तिला एल-च्तेरी म्हणतात, म्हणजे एल चार, जुन्या फॉर्मचं नाव आहे ते, अजून तसंच चालते. दुखते ते सांगायला बोली म्न्ये, आणि पुढे बोट दाखवा: बोली म्न्ये ग्वोवा, डोकं दुखते.

तीन वाक्यं तर झोपेत पण आली पाहिजेत. न्ये रोझूम्येम, मला समजलं नाही. प्रोशे पोफ्तूझिच, परत सांगा. प्रोशे मूविच वोल्न्येय, हळू बोला. आपल्या पोरांची सवय अशी की समजलं नाही तरी मान हलवायची, साहेबासमोर नाही कसं म्हणायचं म्हणून. तिकडे ताक म्हटलं म्हणजे तुम्हाला समजलं, मंग काम चुकलं तर तुमच्यावर.

आणि क वरून सुरू होणारी एक शिवी पहिल्याच दिवशी ऐकू येईल, दर दुसऱ्या वाक्यात येते, आपल्या इकडच्या बे सारखी वाटते. बे नाही ते. ऐका आणि सोडून द्या.

अहो-जाहो

अनोळखी माणसाला, दुकानदाराला, डॉक्टरला, ऑफिसातल्या बाईला तू म्हणायचं नाही. पुरुषाला पान, बाईला पानी, आणि क्रियापद तो-ती चं. म्हणजे आपण कसं म्हणतो, काकाजी चहा घेणार का, तसं. नावाने हाक मारायची तर मारेक असन तर पान्ये मार्कू, नावालाही संबोधन लागते. ॲपमध्ये पोरं आधी तू शिकतात आणि साठ वर्षांच्या बाईला तू म्हणून बसतात. समोरच्याने स्वतःहून हात पुढे करून आपलं पहिलं नाव सांगितलं की मंग तू वर यायचं. कामावर बरोबरीचे लोक लवकर येतात.

भेटलं की जेन्य दोब्री, निघताना दो वीदझेन्या, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या वेटिंगमध्ये, छोट्या दुकानात शिरताना पण म्हणायचं. जेंकुये धन्यवाद, प्शेप्राशाम माफ करा. कसं काय विचारलं तर ते खरंच सांगतात, पाठ दुखते, महागाई वाढली, सरकार असं करते. मला तर ते पाहून गावच्या पारावर बसल्यासारखंच वाटायचं. हसत नाहीत म्हणून रागावले असं समजू नका, अनोळखी माणसाला पाहून हसायची पद्धतच कमी आहे तिकडे.

घरी बोलावलं तर जोडे बाहेर काढायचे, हे आपल्याला शिकवायला नको. फुलं न्यायची तर विषम, तीन, पाच, सात, सम संख्या मयतीला. उंबऱ्यावर उभं राहून हात मिळवायचा नाही, अपशकुन मानतात, आत या नाहीतर त्यांना बाहेर येऊ द्या. वाढदिवसासारखाच नावाचा पण दिवस असते, कॅलेंडरमध्ये प्रत्येक तारखेला नावं छापलेली असतात, त्यात सोबतच्या माणसाचं नाव दिसलं आणि तुम्ही शुभेच्छा दिल्या तर तो खूश. गाणं म्हणतात स्तो लात, शंभर वर्षं जग.

खाणं

माळकरी आणि शाकाहारी लोकांनी हे नीट वाचा. बेझ म्येन्सा, म्हणजे मांस नको, हे तीनदा विचारायचं. प्येरोगी म्हणून करंजीच्या आकाराचं उकडलेलं मिळते, त्यात रुस्क्ये म्हणून जो प्रकार आहे तो बटाटा आणि पनीरसारख्या त्वारुगचा, दिसायला शाकाहारी, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकून देतात पुष्कळ ठिकाणी. स्मालेत्स म्हणजे डुकराची चरबी, पावावर लावून खातात. व्येप्शोविना डुक्कर, वोवोविना गायीचं. पाकिटावर हे शब्द वाचता आले पाहिजेत.

बाकी उपाशी राहत नाही माणूस. बटाट्याचे प्लात्स्की म्हणजे किसाचे घावनच, खारवलेली काकडी, आंबवलेली पानकोबी, आणि माश्लान्का म्हणून ताक दुकानात पाकिटात मिळते. बार म्लेच्नी म्हणून सरकारी मदतीवर चालणाऱ्या जुन्या खानावळी आहेत, दारूचा बार नाही तो, स्वस्त जेवण असते. भाषा शिकायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही, काउंटरवर बोर्ड, मागे रांग, आणि आतली बाई कोणाला थांबत नाही. सावजीची सवय असन त्याने मात्र घरून तिखट नेलेलं बरं, तिकडे मिरे टाकले की झालं तिखट.

रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद, २०१८ पासून तसा कायदा आहे, वर्षातले थोडे रविवार सोडले तर. शनिवारीच दूध-पाव घेऊन ठेवा. ट्राममध्ये कागदाचं तिकीट घेतलं म्हणजे झालं असं नाही, आत चढून मशीनमध्ये शिक्का मारावा लागते, नाहीतर दंड.

सणवार

२४ डिसेंबरच्या रात्रीला विगिल्या म्हणतात. पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवायचं नाही, टेबलावरच्या कापडाखाली थोडं गवत, बारा पदार्थ आणि त्यात मांस नाही, मासा चालते. एक ताट जास्तीचं मांडून ठेवतात, कोणी अवचित आलाच तर. तुम्ही एकटे रूमवर आहात हे कळलं तर एखादं घर बोलावते, बोलावलं तर जा, आणि उपासाचं जेवण म्हणून आपल्याला पण सोपं पडते. १ नोव्हेंबरला सगळं पोलंड कबरस्तानात दिवे लावायला जाते, गाड्या, बस, रस्ते भरलेले. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांवर पाणी फेकतात, धुळवडच समजा, रंग नाही आणि थंडी आहे.

डिसेंबरमध्ये वॉर्सात साडेतीनच्या आसपास सूर्य मावळते. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसची सवय असलेल्या माणसाला ती थंडी सहन होते, पण अंधार नाही सहन होत. रूमवर एकटं बसू नका, हे भाषेइतकंच महत्त्वाचं.

तेही आपल्यासारखेच बाहेर गेलेले लोक आहेत

हे मी मुद्दाम लिहितो कारण याच्यावर बोलणं काढलं की माणूस लवकर मोकळा होते. पोलंडमध्ये असं घर सापडणं कठीण ज्याचा कोणी बाहेर नाही. १७९५ पासून १९१८ पर्यंत त्यांचा देशच नकाशावर नव्हता, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून घेतला होता, आणि त्याच काळात खेड्यातले कास्तकार बीटाच्या हंगामाला जर्मनीत जायचे, कोणी शिकागोला गेले, कोणी ब्राझीलच्या पारानात जंगल तोडून वावर काढायला गेले. पोटासाठी गेलेल्याला ते झा ख्लेबेम गेला म्हणतात, पावापाठी. १ मे २००४ ला पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला, ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने लगेच दार उघडलं, आणि इतके लोक गेले की २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये इंग्रजीनंतर सगळ्यात जास्त लोकांची मुख्य भाषा पोलिश निघाली, ५ लाख ४६ हजार. डिग्रीवाले पोरं-पोरी तिकडे गोडाऊनमध्ये आणि हॉटेलात राबले. आज तुमच्या सुपरवायझरला विचारा, इंग्लंडला होता का म्हणून, लय शक्यता आहे की होता, आणि मंग तो तुम्हाला सांगेल की एका खोलीत किती जण राहायचे.

त्यांच्याकडून दोन गोष्टी घेण्यासारख्या. बाहेर देशात ते शनिवारची शाळा चालवतात, आठवडाभर पोरं इंग्रजी शाळेत, शनिवारी पोलिश वाचणं-लिहिणं, इतिहास, भूगोल. आपल्या पोरांना मराठी विसरते म्हणून रडणाऱ्यांनी हे पाहावं. दुसरी गोष्ट एजंटची. २००६ मध्ये इटलीच्या पुलिया भागात टोमॅटोच्या वावरात पोलिश मजूर अक्षरशः कोंडून ठेवलेले सापडले, जाहिरात वाचून, प्रवासाचे पैसे भरून गेलेले लोक, इटली आणि पोलंडच्या पोलिसांनी मिळून ते उघडं केलं. युरोपचा पासपोर्ट असून त्यांच्यासोबत हे झालं.

आणि एक जोड आपल्या महाराष्ट्राची. १९४० मध्ये सोव्हिएतने लाखो पोलिश लोक सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकले, तिथून सुटलेले इराणमार्गे निघाले आणि त्यातले पाचेक हजार, जास्त करून बाया आणि लेकरं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्यात राहिले, शाळा, चर्च, नाटकं सगळं तिथेच. गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीला अनाथ लेकरांना जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी ठेवलं, त्यांच्या नावाचा चौक वॉर्सात आहे, भला महाराजा म्हणून. वळिवडे-कोल्हापूरचं स्मारक पण वॉर्सात आहे. आपण यवतमाळ-बुलढाण्याचे, कोल्हापूर आपल्यासाठी दुसरा मुलूखच, पण तिथे सांगायला काय जाते की मी त्याच राज्यातला, वळिवडे आमच्याकडे आहे. म्हातारी माणसं तर उठून चहा ठेवतात.

करार आणि कागद, थोडक्यात

उमोवा ओ प्रात्से म्हणजे नोकरीचा पक्का करार, त्यात भरपगारी रजा वर्षाला २० दिवस, नोकरीची वर्षं जास्त असली तर २६. उमोवा झ्लेत्सेन्ये म्हणजे काम सोपवल्याचा करार, त्यात कायद्याने रजा मिळत नाही. एजंट दोन्हीला ॲग्रीमेंटच म्हणते, तुम्ही वरची ओळ वाचा. करार तुम्हाला समजेल अशा भाषेत दाखवणं मालकाचं काम आहे, मागा. पासपोर्ट कोणाजवळ ठेवायला द्यायचा नाही. कामगारांची सरकारी तपासणी संस्था आहे, पान्स्त्वोवा इन्स्पेक्त्स्या प्रात्सी, तिथे सल्ला फुकट मिळते. आणि इकडे निघायच्या आधी एजंटचं नाव ई-मायग्रेटच्या सरकारी साइटवर आहे का पाहा. दोन एकर गहाण टाकून पैसे मागणारा एजंट असन तर तिथूनच नमस्कार करा.

पुढे कायमचं राहायचं मनात असन तर बी-१ पातळीचं पोलिश प्रमाणपत्र लागते, युरोपियन युनियनच्या दीर्घ निवासासाठी पण आणि नागरिकत्वासाठी पण. सरकारी परीक्षेत ऐकणं, वाचणं, व्याकरण, लिहिणं, बोलणं असे पाच भाग असतात. नुसतं कामावरचं बोलून लिहिण्यात मार खातात लोक, म्हणून सुरुवातीपासून रोज चार ओळी वहीत लिहा.

गावात बसून रोज काय करायचं

क्लास नाही, नेट जाते, लाइन जाते, हे सगळं मान्य. ड्युओलिंगोवर पोलिश आहे, शब्द ओळखीचे करायला ठीक, पण त्याच्याने बोलता येत नाही, दहा-पंधरा मिनिटांच्या वर त्यात वेळ घालू नका. खरं काम कानाचं. नेट असन तेव्हा पोलिश रेडिओचे कार्यक्रम, हळू बोलणाऱ्यांचे पॉडकास्ट डाउनलोड करून ठेवा आणि रातच्या लाइनवर ओलिताला जाता ना, तेव्हा एका कानात लावा, दुसरा कान मोकळा ठेवा, वावरात साप-डुक्कर असते. पहिले दोन-तीन आठवडे काहीच कळणार नाही, नुसता श-श-च-च आवाज येईल, येऊ द्या. एकच दोन मिनिटांचा तुकडा रोज, आठवडाभर तोच, आणि त्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणायचं.

शब्दांची वही देवनागरीत ठेवली तर चालते, मी पण इथे देवनागरीतच लिहिलं, पण पहिल्या महिन्यानंतर बाजूला खरं स्पेलिंग लिहायचंच, नाहीतर तिथे पाटी वाचता येणार नाही. मोबाइलच्या कीबोर्डमध्ये पोलिश भाषा जोडून घ्या, मंग ए, ई, एल दाबून धरलं की शेपटी आणि रेघवाली अक्षरं वर येतात. शेपटी टाकायचा कंटाळा करू नका, शब्द बदलते.

दोघं-तिघं मिळून शिकाल तर लय बरं. एक दुकानदार व्हा, एक गिऱ्हाईक, इले कोश्तुये म्हणजे कितीला, आणि आकडे पोलिशमध्येच. आमच्याकडे पोरं संत्र्याच्या काट्यावर हा खेळ करतात, मोजणी पोलिशमध्ये, आणि व्यापारी वैतागते, पण शंभरपर्यंत आकडे त्यांचे त्याच हंगामात पक्के झाले.

व्हिसाची तारीख यायच्या आधी निदान सहा महिने सुरू करा. तेवढा वेळ नसन तर उच्चार, शंभरपर्यंत आकडे, वर दिलेली तीन वाक्यं, पान-पानी आणि करारावरची पहिली ओळ, एवढं तरी करूनच विमानात बसा, बाकीचं तिथे गेल्यावर बार म्लेच्नीच्या रांगेत होते.